पहिली ओळ कोणाची?

निबंधाची पहिली ओळ लिहिणाऱ्याची स्वतःची असली पाहिजे. ती पाठ केलेली असेल, तर कितीही सुंदर असली तरी तिला गुण मिळता कामा नयेत. हे मत मी शाळेच्या वर्गापुरते मांडत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५च्या भरतीपासून वर्णनात्मक झाली आहे. तिच्यात निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा आहे. दहावीत ८ गुणांच्या लेखनासाठी लागलेली सवय तिथे एखाद्याच्या नोकरीपर्यंत जाणार, आणि नोकरी लागली की त्याच्या टेबलावरच्या फायलीपर्यंत. प्रस्तावना कशी लिहावी हा प्रश्न आता एकट्या मराठीच्या शिक्षकांवर सोडून चालणार नाही.

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे. आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे. प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. पाणी म्हणजे जीवन. मराठी माध्यमात शिकलेल्या कोणालाही ही वाक्ये झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता येतील. पर्यावरण आले की ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’, शेतकरी आला की ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’, शिक्षण आले की ‘विद्येविना मती गेली’. प्रसंगलेखन असेल तर रविवारची सकाळ आणि पक्ष्यांचा किलबिलाट. गाइडमध्ये या साठ्याला ‘आकर्षक सुरुवात’ म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये त्याचीच नावे ‘इंट्रो’ आणि ‘कोट’ अशी होतात.

या वाक्यांपैकी एकही खोटे नाही, आणि त्यांचा खरा दोष तिथेच आहे. ज्या वाक्याला कोणीच हरकत घेणार नाही, त्याने वाद सुरू होत नाही. ‘पाणी म्हणजे जीवन’ असे म्हटल्यावर पुढे धरणांवर लिहा, गटारांवर लिहा, नाहीतर मानवी शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणावर लिहा. ते वाक्य कशालाच अडवत नाही आणि कशाकडेच नेत नाही. मग दुसऱ्या परिच्छेदात फायदे येतात, तिसऱ्यात तोटे आणि शेवटी ‘आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत’. मुलाला त्या विषयावर काही म्हणायचे होते की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही कळत नाही, कारण ते शोधायची वेळ ज्या ओळीवर यायची, ती ओळ त्याला आयती मिळालेली असते.

तुकोबांच्या त्या अभंगाचेच पाहा. वृक्षारोपणाच्या फलकांवर, वनविभागाच्या भिंतींवर आणि पर्यावरणावरच्या बहुतेक निबंधांच्या डोक्यावर त्याची पहिली ओळ असते. पण अभंग झाडे लावा असे सांगत नाही. दुसऱ्याच कडव्यात तुकोबा म्हणतात, ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’. झाडे आणि पाखरे सोयरी झाली म्हणून एकांत गोड वाटू लागला, आणि त्या एकांतात काय घडते ते शेवटी येते: ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’. आपलाच वाद आपल्याशी. वैचारिक निबंध म्हणजे काय हे याहून नेमके मला कुठे सापडलेले नाही. आणि आपण करतो काय, तर वाद घालायला सांगणाऱ्या अभंगाची पहिली ओळ तोडून घेतो आणि वाद टाळण्यासाठी वापरतो. मुलांनी हा अभंग निबंधात आणू नये असे मी म्हणत नाही. ज्याने तो शेवटपर्यंत वाचला आहे, त्याला पर्यावरणाबद्दल एक वेगळीच गोष्ट सुचू शकते: माणसाला एकटे बसायला जागा उरली नाही, हेही जंगलतोडीचे नुकसान आहे. तिथून निघालेला निबंध इतर शंभर निबंधांसारखा होणार नाही.

आरंभ कसा करावा याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. शास्त्रग्रंथाच्या सुरुवातीला चार गोष्टी कळल्या पाहिजेत असा दंडक होता. त्याला अनुबंधचतुष्टय म्हणत: विषय कोणता, प्रयोजन काय, अधिकारी कोण म्हणजे हे कोणासाठी लिहिले आहे, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय. त्याआधी मंगलाचरण असे, देवतेला किंवा गुरूला वंदन असे. पण वंदनावर भागत नसे. वाचणाऱ्याने आपला वेळ या ग्रंथाला का द्यावा, याचे उत्तर आरंभीच द्यावे लागे. आज शाळेत शिकवली जाणारी प्रस्तावना पाहिली तर तिच्यात मंगलाचरण तेवढे उरले आहे. देवाच्या जागी थोर पुरुष आले, श्लोकाच्या जागी सुविचार आला. चार अनुबंध मात्र गेले.

ते चारही एका वाक्यात कसे येतात, हे मराठीत एका शाळकरी मुलीने दाखवून ठेवले आहे. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. ज्या ईश्वराने माझ्यासारख्या दीनदुबळीच्या अंतःकरणात, पशूहूनही नीच मानल्या गेलेल्या आम्हा मांग-महारांचे दुःख भरले, त्याचेच चिंतन करून मी आपल्या शक्तीप्रमाणे हा निबंध हाती घेते, असा तिच्या पहिल्या वाक्याचा आशय आहे.

वरवर पाहता हेही मंगलाचरणच. पण ते किती काम करते पाहा. विषय आला: मांग-महारांचे दुःख. लिहिणारी कोण ते आले, आणि ती बाहेरून दया दाखवणारी नाही, त्या दुःखातलीच आहे, हेही आले. ‘नीच मानल्या गेलेल्या’ म्हणताना मानणारे लोक वेगळे आणि वस्तुस्थिती वेगळी, ही फट तिने पहिल्याच दमात उघडी केली. सगळ्यात महत्त्वाचे, देवाचे नाव इथे शोभेला आलेले नाही. हे दुःख मनात भरणारा जगाचा निर्माता आहे असे एकदा म्हटले, की त्याच निर्मात्याच्या नावाने आम्हाला हीन ठरवणाऱ्यांचा आधार डळमळतो. पुढे ती नेमकी तिथेच जाते. वेद ही आमचीच मत्ता, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा युक्तिवाद आहे, आणि तो प्रश्न ती थेट देवालाच विचारते. पहिल्या वाक्यातला देव निबंधभर कामाला लागलेला असतो. तिचा आरंभ काढून टाकला तर पुढचा प्रश्न कोणाला विचारला आहे तेच कळणार नाही. ज्या शास्त्रांना हात लावायची तिला बंदी होती, त्यांचा आरंभाचा नियम त्या मुलीने एका वाक्यात पाळला, तोही कोणी न शिकवता, कारण तिला काहीतरी सांगायचे होते आणि ते कोणाला सांगायचे हे तिला पक्के ठाऊक होते.

जोतिरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा आरंभही असाच वाचला पाहिजे. ‘विद्येविना मति गेली; मतिविना नीति गेली; नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले; वित्ताविना शूद्र खचले; इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ १८८३चे हे लेखन. या ओळी आज शाळांच्या भिंतींवर कविता म्हणून लिहिलेल्या असतात, पण ती एका कारणातून दुसरे कारण काढत नेलेली साखळी आहे. यातली प्रत्येक कडी नाकारता येते. गती जाण्याचे कारण नीती नव्हे, असे कोणी म्हणू शकतो. वित्त गेले म्हणून विद्या गेली, तुम्ही उलटे सांगता, असेही म्हणू शकतो. जोतिरावांना ते आव्हान हवेच होते. म्हणून पुढे सगळे पुस्तकभर ते शेतकऱ्याचे घर, त्याचे सणवार, त्याचे कर्ज, सरकारी कचेरीतले कारकून, असे एकेक उघडत जातात. आरंभी मांडले ते सिद्ध करून दाखवायची जबाबदारी त्यांनी घेतली. निबंधात जेव्हा त्या ओळी उतरवल्या जातात आणि पुढचेच वाक्य ‘अशा प्रकारे शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ असे येते, तेव्हा साखळी तुटते आणि फक्त तिचा नाद उरतो.

माझ्या मताला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला अनेक सहकाऱ्यांनी घेतला आहे. ज्या घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र येत नाही, त्या घरातल्या मुलाने कोऱ्या कागदापुढे काय करायचे? पाठ केलेल्या दोन ओळी त्याची भीती मोडतात. एकदा पेन चालू झाले की पुढे काहीतरी येते. साठ-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या स्वतःच्या ओळीची वाट पाहायला शिक्षकाकडे वेळ कुठे आहे? शिवाय मंडळाचे पेपर तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. त्याची नजर ओळखीच्या सुरुवातीवर स्थिरावते आणि मुलाला हमखास दोन गुण मिळतात. ते त्याने का सोडावेत?

भीतीबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. पण आयत्या ओळींचा फायदा त्या मुलाला होतो, हे मान्य नाही. कोट पाठ करण्याची शर्यत असेल तर ती महागडा क्लास लावणाराच जिंकणार. त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त सुविचार असतील, इंग्रजी विचारवंतांची नावे असतील, संस्कृत सुभाषिते असतील. गरीब घरच्या मुलाकडे जे असते आणि क्लासमध्ये विकत मिळत नाही, ते म्हणजे त्याने पाहिलेले जग. आयती प्रस्तावना तेच पहिल्या ओळीला दाराबाहेर ठेवते.

मी बीडच्या बाजूला शिकवत असताना ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय दिला होता. एका मुलीच्या वहीत सुरुवातीला जोतिरावांच्या त्याच ओळी होत्या, मग शिक्षण हा माणसाचा तिसरा डोळा वगैरे. लेखन नीटनेटके, पण कोणाचेही असू शकेल असे. तिला जवळ बसवून विचारले, तुझ्या वर्गात शिक्षणाचे काय चालले आहे ते सांग बरे. ती म्हणाली, “दिवाळी झाली की आमच्या वर्गातली निम्मी पोरं कारखान्याला जातात, बाई. मी आजीपाशी राहते म्हणून शाळेत येते.” एवढ्या दोन वाक्यांत काय नव्हते? ऊसतोडीचे स्थलांतर होते, मुकादमाकडून उचल घेतलेल्या आईबापांच्या कोयत्यामागे जाणारी मुले होती, आणि शिक्षण मिळणे न मिळणे हे मुलाच्या हुशारीवर ठरत नाही, घरी सांभाळायला कोणी मागे राहते का यावर ठरते, हा विचारही होता. पण ते निबंधात लिहायचे असते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. उलट असले ‘घरचे’ काही लिहू नये, प्रमाण आणि सुंदर लिहावे, असेच शिकवलेले होते. तिच्या दोन वाक्यांना एक तिसरे जोडले की प्रस्तावना पुरी होते: म्हणून शिक्षणाचे महत्त्व सांगण्याआधी ते मिळण्यासाठी घरात काय असावे लागते ते पाहू. भीती मोडायची असेल तर शिक्षकाने हेच करावे. ओळी देऊ नयेत, प्रश्न विचारावा.

पण फक्त अनुभव किंवा फक्त माहिती पुढे ठेवली की चांगला आरंभ झाला, असेही नाही. पाण्याचेच उदाहरण घेते. ‘पाणी म्हणजे जीवन’ हे वाक्य टाकून देऊन कोणी लिहिले, ‘एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या फेरीत १० डब्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले’, तर वाचणारा सावरून बसतो. तरी ही अजून बातमीच आहे. लिहिणाऱ्याला त्याबद्दल काय म्हणायचे आहे ते आलेले नाही. आता हे पाहा: ‘लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली होती, म्हणून दुष्काळात टँकर किती लावले हे विचारण्याआधी, पाऊस संपल्यावर उरलेले पाणी कोणत्या पिकाला दिले हे विचारले पाहिजे.’ इथे बाजू घेतली गेली. आणि बाजू घेतल्याबरोबर समोरचा उभा राहिला. ऊस लावणारा शेतकरी म्हणेल, मला आधी ठरलेला किमान दर मिळेल असे दुसरे पीक दाखवा. सोयाबीन आणि तूर यांचे भाव पडले की माझ्यामागे कोण उभे राहते? हा माणूस खरा आहे, त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि निबंधाला त्याला उत्तर द्यावेच लागेल. दुसरा परिच्छेद कशाचा, हे आता शोधावे लागत नाही. फायदे-तोटे या साच्याची गरजच संपते.

चांगल्या आरंभाची माझी खूण हीच आहे. तो वाचल्यावर कोणीतरी ‘थांबा, मला हे पटत नाही’ असे म्हणू शकले पाहिजे.

आजकाल साच्याला कंटाळून क्लासवाल्यांनी दुसरा साचा आणला आहे: गोष्टीने सुरुवात करा. मग परीक्षेच्या प्रत्येक निबंधात बसस्टॉपवर एक म्हातारी भेटते, नाहीतर सिग्नलला फुगे विकणारा मुलगा येतो, आणि लिहिणाऱ्याचे डोळे पाणावतात. ही म्हातारी कधीच भेटलेली नसते. तपासणाऱ्याला ते कळते, आणि न कळले तरी मुलाला स्वतःला माहीत असते की आपण एका गरीब माणसाची कल्पना करून गुण मिळवले. सुविचारापेक्षा हे मला जास्त घातक वाटते. सुविचार निदान कोणाचा तरी असतो.

उपाय फारसा अवघड नाही, फक्त त्याला शिस्त लागते. प्रस्तावना शेवटी लिहावी. आधी कच्च्या कागदावर, परीक्षेत उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर, आपले म्हणणे एका वाक्यात काढावे. ते निघेपर्यंत पहिली ओळ लिहू नये. वर्गात सराव करताना मी मुलांना पहिला परिच्छेद बोटाने झाकून दुसऱ्यापासून वाचायला सांगते. काहीच हरवले नाही तर तो परिच्छेद नकोच होता. बहुतेक वेळा खरी सुरुवात दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर सापडते, जिथे ‘पण’ हा शब्द पहिल्यांदा येतो.

याचा कारभाराशी काय संबंध, असे वाटत असेल तर कोणताही शासन निर्णय उघडून पाहावा. त्यात ‘प्रस्तावना’ असा मथळाच असतो. मला तो प्रकार एका अर्थाने आवडतो. आधी कोणते निर्णय झाले, कोणत्या अडचणीमुळे नवा निर्णय घ्यावा लागला, हे तिथे सांगावे लागते. प्रयोजन सांगण्याची जुनी शिस्त आपल्या सरकारी कागदात अजून टिकून आहे, हे काही थोडे नाही. पण कित्येक निर्णयांत ती प्रस्तावना ऐन मोक्याच्या ठिकाणी ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबते: ‘सदर बाब शासनाच्या विचाराधीन होती.’ विचार काय झाला? कोणी विरोध केला? दुसरा पर्याय का सोडला? ज्याला आपली योजना बंद झाल्याचे त्या कागदावरून कळते, त्याला हेच जाणून घ्यायचे असते, आणि नेमके तेच तिथे नसते. ती वाक्ये लिहिणारे अधिकारी आपल्याच वर्गांतून गेलेले आहेत. काही म्हणायचे असो वा नसो, सुरुवात शोभिवंत आणि बिनविरोध असावी, हे आपणच त्यांना शिकवलेले आहे.

म्हणून आयोगाच्या निबंधाच्या पेपरकडे मी आशेने पाहते. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात हजारो उमेदवार रस्त्यावर आले होते, ते वर्णनात्मक पद्धत लगेच लागू करू नका, तयारीला वेळ द्या, हे सांगायला. वर्षानुवर्षे चार पर्यायांतून एक निवडायची तयारी केलेल्यांची ती काळजी खरी होती. तो वेळ मिळाला. आता त्या वेळात क्लासवाल्यांनी इंट्रोंच्या पुस्तिका तयार केल्या, की उमेदवारांनी स्वतःच्या तालुक्याबद्दल विचार केला, हे तपासणाऱ्यांच्या हातात आहे. उमेदवार गुण जिथे मिळतात तिथेच जाणार, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

तेव्हा मागणी परीक्षा घेणाऱ्यांकडे आहे, मंडळाकडेही आणि आयोगाकडेही. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ असे उघडे विषय देणे थांबवावे. एखादा तक्ता द्यावा, बातमीचा तुकडा द्यावा, दोन परस्परविरोधी विधाने द्यावीत आणि यातून आरंभ करा असे सांगावे, म्हणजे पाठ केलेली ओळ बसायला जागाच राहणार नाही. आकर्षक सुरुवातीचे म्हणून वेगळे गुण धरू नयेत. ते गुण आरंभी केलेले विधान पुढे किती तडीस नेले याला द्यावेत. तपासनिसांच्या बैठकीत मुक्ता साळवेचा निबंध एकदा मोठ्याने वाचावा. आणि उत्तरपत्रिकेत अवतरण आलेच, तर त्याचा पुढच्या युक्तिवादात उपयोग झाला आहे का एवढेच पाहावे. झाला नसेल तर त्या ओळी कोऱ्या समजून पुढच्या ओळीपासून तपासायला सुरुवात करावी.